लिनक्स टाकताना नेमकं कुठे अडलं? ३२ बिट, ६४ बिट आणि आर्मचा घोळ

ऐकताना कमांड आणि फाईलींची नावं निसटून जातात, म्हणून नेहमीप्रमाणे या भागाचं हे लेखी रूप. बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त पाल्हाळ कापलाय. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाईप करताना सगळी अक्षरं इंग्रजी छोट्या लिपीत घ्यायची, एवढं लक्षात ठेवा.

आजचा विषय एका ओळीपासून सुरू करू. तुम्ही लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार केला, कॉम्प्युटरला लावला, मेनू आला, एंटर दाबलं आणि काळ्या पडद्यावर आलं: "धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू, बट ओन्ली डिटेक्टेड ॲन आय६८६ सीपीयू." खाली, "अनेबल टू बूट". बस. कीबोर्ड बडवा, काही होत नाही.

बहुतेक जण इथे दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक तर पेनड्राइव्ह बिघडला, किंवा कॉम्प्युटर गेला. बऱ्याचदा दोन्ही ठणठणीत असतात. त्यांची फक्त जोडी जुळलेली नसते.

हे आत्ताच का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालत्या स्थितीतले असंख्य कॉम्प्युटर एकदम "जुने" ठरले. मोर्शीत माझ्या ओळखीचे एक काका ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवतात. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, सातबारा, पीक विमा. त्यांच्याकडे पाच यंत्रं. पाचही जुनी. त्यांनी कुठून तरी ऐकून लिनक्स टाकायला घेतलं आणि मला फोन केला.

"भाऊ, हे तं सुरूच नाही होऊन राह्यलं. एकावर कायची तरी इंग्रजी ओळ येते, एकावर तं पेनड्राइव्ह दिसतच नाही. भंगारवाल्याले देऊन टाकू काय?"

मी म्हटलं, "काका, काहीच देऊ नका. कोणतं यंत्र कुठे अडलं, तेवढं एकेक करून सांगा."

आजच्या भागाचा सगळा गाभा या प्रश्नात आहे. काय एरर आला, हा दुसरा प्रश्न. कुठे अडलं, हा पहिला. मेनू येण्याआधी अडलं, मेनूनंतर लगेच अडलं, की कर्नल चालू झाल्यावर किंवा पुढे एखादा प्रोग्रॅम चालवताना अडलं? तीन जागा आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी.

यात पैशाचाही प्रश्न आहे. उबंटू २४.०४ ची डेस्कटॉप फाईल साधारण ६ जीबीची. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल पॅकवर तीन दिवस फक्त तीच उतरवायची. चुकीची उतरवली की पुन्हा तीन दिवस. म्हणून आधी निदान, मग डाउनलोड.

आर्किटेक्चर म्हणजे काय, मोर्शीच्या भाषेत

आपल्याकडे संत्र्याचं रोप कसं तयार होतं, हे सांगायला नको. जंबेरीचा खुंट घ्यायचा आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरायचा. त्याच जंबेरीवर मोसंबीचा डोळाही लागतो. पण तोच डोळा पेरूच्या खुंटावर भरला तर जगत नाही. तेव्हा डोळा खराब नसतो आणि पेरूही खराब नसतो. त्यांचं एकमेकांशी जमत नाही, इतकंच.

प्रोसेसर म्हणजे खुंट. त्याला ठरावीक आज्ञाच कळतात. आज्ञांच्या त्या संचाला आर्किटेक्चर म्हणायचं. लिनक्सची फाईल त्याच आज्ञांमध्ये तयार केलेली असावी लागते. घरगुती यंत्रांत मुख्यतः तीन प्रकार सापडतात:

- ३२ बिट एक्स८६. डेबियन याला आय३८६ म्हणतं, इतर ठिकाणी आय६८६ दिसेल.
- ६४ बिट एक्स८६. नावं दोन, गोष्ट एकच: एएमडी६४ किंवा एक्स८६-६४.
- ६४ बिट आर्म. आर्म६४ किंवा एआर्च६४. रास्पबेरी पाय, ॲपलचे एम१ आणि त्यापुढचे मॅक, स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप.

६४ बिट एक्स८६ वर ३२ बिटचं चालतं, जंबेरीवर मोसंबीही लागते तसं. उलटं चालत नाही. आणि आर्म व एक्स८६ म्हणजे सरळ पेरू आणि संत्रं.

काकांचा पहिला अडथळा नावातच होता. "माझ्या डब्यावर इंटेलचं स्टिकर आहे, मी एएमडीची फाईल काऊन घेऊ?" प्रश्न अगदी रास्त आहे. झालं असं की जुन्या एक्स८६ ला ६४ बिटपर्यंत वाढवण्याचं काम एएमडीने केलं आणि त्यावरचा पहिला प्रोसेसर, ऑप्टेरॉन, २००३ मध्ये आणला. इंटेलने २००४ पासून तीच पद्धत स्वीकारली. नाव मात्र पहिल्याचं राहिलं. त्यामुळे तुमचा ६४ बिट इंटेल असला तरी फाईल एएमडी६४ चीच घ्यायची.

जुन्या साठ्यांमध्ये आयए६४ नावाची फाईलही दिसते. "इंटेल आणि ६४, म्हणजे हीच माझी" असं वाटेल, पण ती इटॅनियम नावाच्या वेगळ्याच सर्व्हर प्रोसेसरसाठी होती. लिनक्स कर्नलने ६.७ या आवृत्तीत त्याचा आधार काढून टाकला. तिला हात लावू नका.

स्टिकरवर जाऊ नका

डब्यावरचं नाव फसवतं. २००६ च्या सुरुवातीला इंटेलचा कोअर ड्युओ आला, तो ३२ बिट. त्याच वर्षी जुलैत कोअर २ ड्युओ आला, तो ६४ बिट. मध्ये फक्त एक "२". ॲटमचंही तसंच. २००८ चा एन२७० फक्त ३२ बिट, २०१० चा एन४५० मात्र ६४ बिट. दोन्ही छोट्या नेटबुकांत, दोन्हींवर "ॲटम" लिहिलेलं.

मोठ्या यंत्रांतही हे होतंच. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटर चिपवर बांधलेला होता, १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर, तर २००८ चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर. घराणं "परम"च, पण प्रत्येक वेळी आतली भाषा बदललेली. एका परमसाठी तयार केलेली चालती फाईल उचलून दुसऱ्यावर ठेवली असं होत नाही, प्रोग्रॅम नव्या भाषेत पुन्हा तयार करावा लागतो. आपल्या टेबलावरच्या डब्याला तोच नियम लागू आहे.

मग खरं कसं कळणार? विंडोज चालू असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जा. "सिस्टिम टाईप" समोर दोन भाग असतात. काकांच्या तिसऱ्या पिढीच्या आय३ वर लिहिलं होतं: "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर". पहिला भाग विंडोजबद्दल आहे, दुसरा प्रोसेसरबद्दल. काकांनी पहिला भाग वाचला आणि आपलं यंत्र ३२ बिट आहे असं धरून चालले. कोणीतरी रॅम कमी म्हणून पूर्वी ३२ बिट विंडोज टाकून दिलं होतं, एवढंच. आपल्याला दुसरा भाग वाचायचा. ते यंत्र पूर्ण ६४ बिट निघालं आणि त्यावर आजचं बहुतेक नेहमीचं लिनक्स बसतं.

आधीच लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू लिहा. "सीपीयू ऑप-मोड" या ओळीत "३२-बिट, ६४-बिट" दोन्ही दिसले की ६४ बिट चालणार. फक्त "३२-बिट" असेल तर नाही. यासाठी युनेम -एम ही कमांड वापरू नका. ती चालू असलेल्या कर्नलची भाषा सांगते, प्रोसेसरची क्षमता नाही. ६४ बिट प्रोसेसरवर ३२ बिट लिनक्स चालू असेल तर ती आय६८६ च म्हणेल.

जागा पहिली: मेनूच येत नाही

पेनड्राइव्ह लावलाय, पण बूट मेनूत दिसत नाही. किंवा निवडला तर गुपचूप परत विंडोज सुरू होतं. एरर नाही, काही नाही.

नव्या यंत्रांत यूईएफआय नावाचं फर्मवेअर असतं. ते पेनड्राइव्हवर "ईएफआय" फोल्डरमधल्या "बूट" फोल्डरात एका ठरलेल्या नावाची फाईल शोधतं. ६४ बिट पीसी शोधतो बूटएक्स६४.ईएफआय. ३२ बिट फर्मवेअर शोधतं बूटआयए३२.ईएफआय. आर्म६४ यंत्र शोधतं बूटएए६४.ईएफआय. आपल्या नावाची फाईल मिळाली नाही की त्याच्या दृष्टीने तो पेनड्राइव्ह बूट होण्यासारखाच नाही. म्हणून ते तक्रारही करत नाही.

याचा फायदा घ्या. पेनड्राइव्ह कुठल्याही चालू कॉम्प्युटरवर उघडा आणि त्या फोल्डरात डोकावा. तिथली नावं बघून तो कोणासाठी बनलाय ते अर्ध्या मिनिटात कळतं.

काकांचा एक मिनी लॅपटॉप इथेच अडला होता. त्यात ॲटम झेड३७३५एफ. २०१४-१५ च्या सुमारास असे स्वस्त, टॅबलेटसारखे लॅपटॉप बरेच आले. यात गंमत अशी की प्रोसेसर ६४ बिट, पण फर्मवेअर ३२ बिट. म्हणजे खुंट बरोबर, दारावरचा राखणदार मात्र दुसरीच भाषा बोलणारा.

हे विंडोजमधूनच ओळखता येतं. एमएसइन्फो३२ उघडा. "बायोस मोड" समोर यूईएफआय आहे आणि विंडोज ३२ बिट आहे, असं असेल तर फर्मवेअर ३२ बिटच. कारण यूईएफआयवर विंडोज आपल्या फर्मवेअरच्या बिटशी जुळल्याशिवाय सुरू होत नाही. "लेगसी" लिहिलं असेल तर ही भानगड नाही. लिनक्स यूईएफआयमधून सुरू झालं असेल तर सिस, फर्मवेअर, ईएफआय या फोल्डरमधली एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साईझ ही फाईल वाचा, आत ३२ किंवा ६४ लिहिलेलं असतं.

उपाय: असा पेनड्राइव्ह, ज्यात सिस्टिम ६४ बिट पण बूटआयए३२ ची फाईलही आहे. डेबियनने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून अशा मिश्र यंत्रांची सोय करायला सुरुवात केली. फाईल उतरवल्यावर फोल्डरात ते नाव आहे ना, हे बघूनच पुढे जा.

एक सावधानता. सिक्युअर बूटमुळेही पेनड्राइव्ह अडतो, पण तेव्हा सहसा सुरक्षेबद्दलचा संदेश येतो. पूर्ण शांतता असेल तर आधी फाईलींची नावं तपासा.

जागा दुसरी: मेनूनंतर लगेच

सुरुवातीला सांगितलेली ओळ इथली. ती येते कशी? कर्नलचा अगदी पहिला तुकडा जुन्या साध्या आज्ञांत लिहिलेला असतो, कोणत्याही एक्स८६ ला कळेल असा. तो प्रोसेसरला विचारतो, ६४ बिटमध्ये काम करशील का? "नाही" आलं की तो ही ओळ छापून थांबतो. म्हणजे कर्नल कोसळत नाही. विचारपूस करून, कारण सांगून थांबतो.

काकांच्या एन२७० वाल्या नेटबुकवर हीच ओळ होती. तिथे ६४ बिटची फाईल कितीही वेळा उतरवली तरी उपयोग नाही. ३२ बिटचीच हवी आणि ती दुर्मिळ होत चाललीय. उबंटूने ३२ बिटची डेस्कटॉप फाईल १७.१० पासून, म्हणजे २०१७ मध्ये बंद केली. फेडोराने २०१९ मध्ये ३१ व्या आवृत्तीपासून ३२ बिट कर्नल थांबवला. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. म्हणून अशा यंत्रासाठी डेबियन १२ ची आय३८६ फाईल, किंवा त्यावर आधारलेलं अँटीएक्स २३.

हीच ओळ नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही दिसू शकते! काकांचा पुतण्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स शिकतोय. त्याचा लॅपटॉप धडधडीत ६४ बिट, तरी एरर तोच. कारण नवं यंत्र बनवताना त्याने प्रकार "लिनक्स, ३२-बिट" निवडला होता. व्हर्च्युअल यंत्र पाहुण्या सिस्टिमला तेवढाच प्रोसेसर दाखवतं. प्रकार ६४-बिट केला, काम झालं. यादीत ६४-बिट दिसतच नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सेटिंग सुरू करा. इंटेलवर तिचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम.

जागा तिसरी: कर्नल चालू झाल्यावर

काकांचे दोन डेस्कटॉप कोअर २ ड्युओचे. ६४ बिट आहेत, डेबियन नीट सुरू झालं. पण पुतण्याला अभ्यासासाठी त्यातल्या एकावर रॉकी लिनक्स ९ हवं होतं. मेनू आला, कर्नल सुरू झाला, बऱ्याच ओळी पळाल्या आणि मग: "फेटल जीलिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२".

६४ बिटमध्येही आता इयत्ता पडल्या आहेत. रेड हॅट ९ आणि त्याच्या कुळातल्या सिस्टिमना दुसरी इयत्ता लागते. तिच्यात एसएसई ४.२ सारख्या आज्ञा येतात आणि त्या कोअर २ ड्युओमध्ये नाहीत. २०२५ चं रेड हॅट १० तिसरी इयत्ता मागतं, म्हणजे एव्हीएक्स २ वगैरे. ते इंटेलमध्ये २०१३ च्या हॅसवेलपासून आलं. अल्मालिनक्स १० मात्र दुसऱ्या इयत्तेसाठी वेगळी फाईल देतं.

तपासायचं कसं? एलएससीपीयूच्या उत्तरात "फ्लॅग्ज"ची लांबलचक यादी असते. त्यात एसएसई४_२ नसेल तर दुसरी इयत्ता नाही, एव्हीएक्स२ नसेल तर तिसरी नाही. बायोसमध्ये यासाठी कुठलीही सेटिंग नसते. चिपमध्येच ते नाही. डेबियनचं एएमडी६४ अजून पहिल्या इयत्तेवर चालतं, म्हणून जुन्या ६४ बिट यंत्रांना ते सोयीचं.

इन्स्टॉल झाल्यावरही हाच घोळ प्रोग्रॅमच्या पातळीवर येतो. "एक्झेक फॉरमॅट एरर" दिसला की समजा, फाईल दुसऱ्या आर्किटेक्चरची असण्याची दाट शक्यता आहे. फाईल ही कमांड आणि पुढे त्या प्रोग्रॅमचं नाव लिहा, तो कोणासाठी बनलाय ते उत्तरात येतं.

काकांच्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर असाच अडला: पॅकेज आय३८६, सिस्टिम एएमडी६४, जुळत नाही. इथे मार्ग आहे, कारण ६४ बिट एक्स८६ ला ३२ बिट कळतं. सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६, मग सुडो ॲप्ट अपडेट, मग ड्रायव्हर. रास्पबेरी पायवर मात्र ही युक्ती चालणार नाही. तिथे पॅकेज बसलं तरी आर्मला एक्स८६ च्या आज्ञा कळणार नाहीत.

पायचा विषय निघालाच आहे तर अजून एक. त्यावर कर्नल ६४ बिट आणि बाकी सिस्टिम ३२ बिट, असं असू शकतं. युनेम तुम्हाला एआर्च६४ सांगेल आणि आर्म६४ चं पॅकेज तरी नाकारलं जाईल. तिथे डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर विचारा. पॅकेजच्या बाबतीत त्याचंच उत्तर धरायचं.

आर्किटेक्चर नसतं तेव्हा

सगळं खापर यावर फोडू नका. मेनू आला, लोगो आला आणि मग पडदा काळा झाला, तर संशय ग्राफिक्सवर. इन्स्टॉल अर्ध्यावर वेगवेगळ्या जागी तुटतं, तर पेनड्राइव्ह किंवा रॅम तपासा, उतरवलेल्या फाईलचा चेकसम जुळवा. आर्किटेक्चरचा अडथळा दर वेळी त्याच जागी आणि तसाच येतो.

काकांच्या पाच यंत्रांचं काय झालं

आय३ वर लिनक्स मिंट, ६४ बिट. दोन्ही कोअर २ ड्युओवर डेबियन एएमडी६४ आणि हलका एक्सएफसीई डेस्कटॉप. मिनी लॅपटॉपवर बूटआयए३२ असलेलं डेबियन. ही चार आता फॉर्म भरायला आहेत. नेटबुकवर डेबियन १२ बसलं, पण आजच्या वेबसाईट त्यावर इतक्या हळू उघडतात की गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. ते पीडीएफ बघायला आणि प्रिंट द्यायला वेगळं ठेवलं. आणि एका यंत्रावर विंडोज राहू दिलं, लिनक्सच्या शेजारीच. कारण अंगठ्याचा स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर लिनक्सवर चालतात का, हे आधी बघितल्याशिवाय धंद्याचं यंत्र बदलू नये. ते एकच यंत्र आता त्या कामापुरतं वापरतात, बाकी इंटरनेट त्यावर बंद.

तर पुढच्या वेळी अडलं की क्रम हा: कोणत्या जागी अडलं ते लिहून ठेवा, प्रोसेसरला विचारा, फर्मवेअरला विचारा, पेनड्राइव्हमधल्या फाईलींची नावं बघा. डाउनलोड त्यानंतर. तुमचं यंत्र कुठे अडलंय ते पडद्याच्या फोटोसकट कळवा, निवडक प्रश्न पुढच्या भागात घेऊ. तोवर भंगारवाला आला तर त्याला चहा पाजा आणि रिकाम्या हाताने पाठवा. भेटू!